सातव्या तारेची झणझण

ता. ४ फेब्रुवारी

चि. पाचर हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. तुझ्या दादाची कंबर आता ठीक आहे. वहिनीने माझ्या खोलीच्या खिडकीला जाड पडदे लावले, त्यामुळे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, पण मी काही बोललो नाही. माझी नवी कवळी आली. वरची अजून सैल आहे, बोलताना टकटक वाजते आणि वहिनी तोंड फिरवून हसते. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात हिरड्या सरावतील. सफरचंदाची आशा मी सोडली आहे.

तू फोन केला होतास असं वहिनीने सांगितलं. मला फोनवर बोलायला आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. खरखर फार असते आणि माणूस घाईत काहीबाही बोलून जातो. कागदावर विचार करून लिहिता येतं. म्हणून लिहितो.

तुझी गिटार गेल्या सोमवारी दुकानात पोचली. खोकं मीच उघडलं. मालक म्हणाले, "काका, घरचा माल आहे. तुम्ही राहू द्या, मी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतो." मी म्हणालो, "चाळीस वर्षं या दुकानातली प्रत्येक गिटार माझ्या हातून गेली आणि हिलाच सोडू का? लोक म्हणतील, म्हाताऱ्याने पोरीची गिटार डोळे झाकून पास केली." तेव्हा ते म्हणाले, "बघा मग. पण सांभाळून. तुमचं शिक्षण सहावीपर्यंत, आणि ही सात तारांची आहे." सगळे हसले. मीही हसलो.

आता कामाचं. दुकानाच्या तपासणीच्या कार्डावर जागा कमी असते, म्हणून तुला सविस्तर लिहितो.

बांधणी चांगली आहे. मान मी आधी डोळे मिटून हाताने बघितली, मग उजेडात धरून बघितली. पाच पट्ट्या जोडून केलेली मान, तीन मेपलच्या आणि मधे दोन अक्रोडाच्या, पण सांध्यावर कुठेही नख अडकत नाही. सात तारांची मान रुंद होते, म्हणून बनवणारे ती मागून चपटी करतात आणि मग ती हाताला फळीसारखी लागते. तू अंगठ्याच्या बाजूला थोडा गोलवा ठेवलास. चोवीस फ्रेट आहेत, त्या बारीक आडव्या धातूच्या दांड्यांची टोकं इतकी मऊ घासली आहेस की मी तळहात मानेवरून दोनदा फिरवला, एकदा तपासायला आणि एकदा उगाच. मान धडात शिरते तिथे कागद जात नाही. स्क्रू नाहीत, नुसता सांधा आणि सरस. पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोडले तरी डोकं खाली जात नाही, लांब मानेच्या गिटारीत हे सहज साधत नाही. तेलाचं पॉलिश पातळ आहे. डोक्यावर तू पितळेची छोटी पाचर बसवली आहेस, तीही बघितली. लहानपणी तू दोन माणसांच्या मधे घुसून बसायचीस म्हणून मी तुला ते नाव ठेवलं होतं. ते असं गिटारीवर जाईल असं वाटलं नव्हतं.

वाजवायला सोपी आहे. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार पावणेदोन मिलिमीटर उंच आहे, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. तारांची लांबी नेहमीपेक्षा दीड इंच जास्त ठेवलीस म्हणून सातवी तार लोंबत नाही. माझी करंगळी आता वाकत नाही, म्हणून पोनीवाल्याकडून वाजवून घेतली. पोनीवाला म्हणजे दुकानात गिटार शिकवायला येतो तो, केस मागे बांधणारा. तो म्हणाला, तासभर वाजवली तरी मनगट दुखणार नाही.

आवाज. वरच्या सहा तारा स्वच्छ आहेत. सातव्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत, झणझण आहे. बारीक आहे, पण आहे. डबीत खिळा हलावा तशी. मी तीनदा बघितलं. मालकांना ऐकू आली नाही, पण ते म्हणाले, "काकांना आली म्हणजे असणारच." पोनीवाल्याने पुन्हा कान लावला आणि म्हणाला, "हो, आहे आहे. थोडीशी आहे." म्हणून कार्डावर मी तेच लिहिलं आणि गिटार तुला परत पाठवली आहे.

यात तुझं काय अडकलं आहे ते मला ठाऊक आहे. पास झाली असती तर मालक वर्षाला बारा गिटारी तुझ्याकडून घेणार होते आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तुझी पाचर राहणार होती. दीड वर्ष तू त्या गॅरेजात हिच्यासाठी घालवलंस. पण मी सूट दिली असती तर तुला ती आयुष्यभर टोचली असती. माझ्या हातून आजवर एकही खोटं कार्ड गेलेलं नाही. फ्रेट पुन्हा सपाट करून बघ. एखादा उंच राहिला असेल. मानेच्या टोकाला तार जिच्यात बसते ती नटची खाचही बघ.

जेवत जा वेळेवर. लाकडाची भुकटी नाकात जाते, तोंडाला फडकं बांधत जा.

दुकानाचा कान आणि तुझे बाबा


ता. २ मार्च

चि. पाचर हिला अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. मधे मला सर्दी होती, मग दादाला होती, मग वहिनीला झाली. घरात नुसता शिंकांचा कारखाना. आता बरं आहे. पडद्यांचं मी शेवटी बोललो. वहिनीने एका बाजूचा काढला.

तू सगळे फ्रेट काढून मानेवरचा बोर्ड घासलास, नवे फ्रेट बसवलेस, नट बदललास, आणि तरी समाधान नाही म्हणून पुन्हा फ्रेट काढून पुन्हा घासलास, हे वाचून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. इतकं कशाला. बोर्डाला लाकूड किती उरलं असेल याची मला काळजी लागली आहे. तुझी पाठ दुखते का अजून? लहान स्टुलावर बसून काम करू नकोस. गॅरेजात ओल आहे म्हणतेस, तर सरसाचा डबा जमिनीवर ठेवत जाऊ नकोस.

तू लिहितेस की तुला ती झणझण एकदाही ऐकू आली नाही. मैत्रिणीला बोलावलंस, तिलाही आली नाही. म्हणजे तुझा कानच अजून तयार झालेला नाही, असं तू लिहिलंस. असं एकदम काही ठरवू नये. कानाचं काय, हवेवर असतं. खोलीवर असतं. थोडी झणझण कुठल्या गिटारीत नसते? मला वाटतं आता हात लावू नकोस. काही दिवस भिंतीला टांगून ठेव. मी मालकांशी बोलून बघेन, म्हणजे सवड मिळाली की बोलेन. सध्या ते गडबडीत आहेत.

धडाच्या वरच्या शिंगाच्या, त्या पुढे आलेल्या टोकाच्या, कडेला दोन बारीक खुणा आहेत, दुकानात कुणी आपटली का, असं तू विचारलंस. विचारतो.

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन कवळी घट्ट करून आणली. आता टकटक नाही. वहिनी म्हणते, आलाच आहात डॉक्टरांच्या रस्त्याला तर कानांच्या डॉक्टरकडेही जाऊ या. तिला सगळ्यांना डॉक्टरकडे न्यायची हौस आहे.

आणखी काहीतरी लिहायचं होतं, ते आता आठवत नाही. तीन वेळा कागद घेतला आणि तीन वेळा सर्दीवरच लिहिलं.

तोंडाला फडकं बांधत जा.

तुझे बाबा


ता. १३ मार्च

चि. पाचर,

आधी करवत खाली ठेव. आशीर्वाद मागाहून.

तुझं पत्र काल दुपारी आलं. बोर्ड आता आणखी घासण्यासारखा राहिला नाही, म्हणून येत्या रविवारी मानच कापून काढणार, नवी बसवणार, आणि तीही झणझणली तर हे काम सोडून कपाटांच्या कारखान्यात पॉलिशला लागणार, असं तू लिहिलंस. खाली लिहिलंस, "जे तुम्हाला ऐकू येतं ते मला येत नसेल, तर मी हे काम कुठल्या तोंडाने करू?"

मी पत्र घेऊन वहिनीपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तिला फोन कर. एवढंच सांग, बाबा म्हणतात मान कापू नकोस, पत्र येतंय."

ती म्हणाली, "तुम्हीच बोला ना. तिला बरं वाटेल."

"मला फोनवर ऐकू येत नाही."

हे वाक्य मी तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं. मला वाटलं ती दचकेल. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "ठाऊक आहे, बाबा. म्हणून तर मी तुमच्याशी समोर येऊन बोलते." आणि मी इतकी वर्षं समजत होतो, हिला माणसाच्या अंगावर येऊन बोलायची सवय आहे. पडदेसुद्धा तिने रस्त्याचा आवाज अडावा म्हणून लावले होते, म्हणजे घरातलं बोलणं मला जरा तरी कळेल. मी तो एक काढायला लावला.

तिने फोन केला आहे. पण कारण तिला मी सांगितलेलं नाही. ते मीच तुला लिहायला हवं.

तुझ्या गिटारीत झणझण नाही. कधीच नव्हती. ती माझ्या तोंडात होती.

कसं ते सांगतो. मी कामाला लागलो तेव्हा, दुकानाच्याही आधी, आमच्या गिटारींच्या कारखान्यात शेजारी लाकूड कापायचं यंत्र होतं, दिवसभर कानठळ्या. माझ्या वस्तादांनी मला शिकवलं की गिटार आवाज मोठा करायच्या यंत्राला न जोडता वरच्या शिंगाची कडा पुढच्या दातांना टेकवायची आणि तार छेडायची. आवाज हाडातून थेट डोक्यात येतो, बाहेर कितीही गोंगाट असो. तू लहान होतीस तेव्हा मला तसं करताना बघून आईला सांगायचीस, "बाबा गिटारीचा पापा घेतायत." तेव्हा ती नुसती युक्ती होती. कान माझे चांगले होते.

आठ वर्षांपासून ते गेले. एकदम नाही. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचं बोलणं गिचमीड झालं. तुझी आई होती तोवर ती माझ्या बाजूला बसून सगळं पुन्हा सांगायची, म्हणून कुणाला कळलं नाही. ती गेल्यावर मी दुकानात दातांवर भागवलं. गिटार आवाजाच्या यंत्राला जोडून वाजवायचो तेव्हा मालकांच्या आणि गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याकडे बघायचो. त्यांची भुवई हलली की मी म्हणायचो, इथे काहीतरी आहे. लोक म्हणायचे, काय कान आहे काकांचा. ते सहावीपर्यंतच्या शिक्षणाचं मालक बोलले ना, तेही मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. सगळे हसले म्हणून हसलो. मागाहून पोनीवाल्याने समोर बसून तोच विनोद पुन्हा सांगितला, तेव्हा कळलं.

मग गेल्या वर्षी दातही गेले आणि आता ही कवळी आली. कवळीतून आवाज पहिल्यासारखा येत नाही, पण येतो. तुझ्या गिटारीला मी हीच सैल कवळी लावली. सातवी तार इतकी खालच्या सुराची आहे की तिने कवळी हिरडीवर हलायला लागली. ती झणझण मी तुझ्या नावावर लिहिली. शिंगावरच्या दोन खुणा माझ्या पुढच्या दातांच्या आहेत. दुकानात कुणाला काही विचारलं नाही मी. विचारायचं काय होतं?

इथवर चूक म्हणता येईल. म्हातारा माणूस, झालं. पुढचं चुकीत बसत नाही.

चौदा फेब्रुवारीला पोनीवाल्याने त्याची बास गिटार, ती जाड तारांची, खालच्या सुराची, नव्या तारा घालायला दिली. अकरा वर्षं तो ती वाजवतो. तिला मी दात लावले आणि जाड तार छेडली, तर तीच झणझण, डबीतल्या खिळ्यासारखी. अकरा वर्षांत कुणाला ऐकू आली नाही अशी. मी मागच्या मोरीपाशी गेलो, कवळी काढून हातात घेतली आणि नुसती हिरडी लाकडाला टेकवून पुन्हा तार छेडली. स्वच्छ. कवळी घातली, झणझण. काढली, स्वच्छ. सहा-सात वेळा केलं. आरशात मला माझं बोळकं दिसत होतं आणि गळ्यात बास.

तुझं पहिलं पत्र त्याच्या दुसऱ्याच दिवशी आलं. फ्रेट काढायला घेते आहे, असं त्यात होतं. मी त्याच दिवशी तुला चार ओळी टाकल्या असत्या तर तुझा बोर्ड शाबूत राहिला असता. मी टाकल्या नाहीत. तू एकेक फ्रेट उपटत होतीस तेव्हा मी डॉक्टरच्या खुर्चीत बसून कवळी घट्ट करून घेत होतो, आणि त्यानंतर तुला पत्र लिहिलं ते सर्दीचं, पडद्यांचं आणि तोंडाला फडकं बांधण्याचं. हात लावू नकोस, भिंतीला टांगून ठेव, असंही लिहिलं. वाटलं, तू टांगशील, विषय आपोआप मिटेल, मला काही सांगावं लागणार नाही.

भीती वाटत होती. दुकानातल्या त्या कोपऱ्यातल्या खुर्चीशिवाय मला सकाळी जायला जागा नाही. तिथे माणसं गिटार घेऊन उभी राहतात आणि मी मान हलवेपर्यंत बोलत नाहीत. घरी मी बोललेलंही कुणी ऐकत नाही आणि मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, असा दोन्हीकडून बंद. कान गेले हे कळलं की खुर्ची गेली.

पण पाचरे, भीतीपेक्षा वाईट एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही यात कालची संध्याकाळ गेली.

तुझी गिटार माझ्याकडे दोन दिवस होती. पहिल्या दिवशी मी सगळं बघितलं आणि मला काही सापडलं नाही. मान, सांधे, फ्रेट, तोल, काहीच नाही. घरी आलो तर जेवण गेलं नाही. मी आयुष्यात बावीस गिटारी बनवल्या, सगळ्या दुसऱ्याच्या नावाने, आणि त्यातली एकही इतकी नीट नव्हती. एकीच्याही डोक्यावर माझी खूण नाही, कारण मला स्वतःलाच ती लावण्यासारखी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो तो तपासायला बसलो नव्हतो, शोधायला बसलो होतो. आणि सातव्या तारेवर ती झणझण आली तेव्हा मला हायसं वाटलं. पोटच्या पोरीच्या कामात खोट सापडली आणि मला हायसं वाटलं. म्हणून मी दुसऱ्या कुणाला नीट ऐकायला लावलं नाही. एरवी शंका आली तर मी गिटार चार जणांकडे देतो.

आता आजचं.

सकाळी दुकानात गेलो. मालक होते, पोनीवाला होता. मी त्याची बास मागितली, टेबलावर आडवी ठेवली, तोंडातून वरची कवळी काढली आणि बासच्या धडावर ठेवली. कुणी काही बोलायच्या आत जाड तार छेडली. कवळी लाकडावर नाचायला लागली. मला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

पोनीवाला हसत सुटला. मग माझ्याकडे बघून थांबला. मी बोळक्या तोंडाने सगळं सांगितलं. किती शब्द कळले असतील कुणास ठाऊक. पुरेसे कळले असावेत, कारण पोनीवाला म्हणाला, "पण काका, झणझण मलाही आली होती." हे त्याला दोनदा म्हणावं लागलं.

मालक त्याला म्हणाले, ते मी ओठांवरून वाचलं, "तुला काकांनी सांगितली म्हणून आली."

मग त्यांनी एक कोरं कार्ड ओढलं आणि मागच्या बाजूला लिहून माझ्यापुढे सरकवलं. "किती वर्षं?" मी आठ बोटं दाखवली. ते भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडे बराच वेळ बघत राहिले. नंतर माझ्यापुढचा कार्डांचा गठ्ठा उचलून त्यांनी आपल्या खणात ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी उलट बोललो असतो. त्यांनी कवळी रुमालात घेऊन माझ्या हातात दिली आणि मला दारापर्यंत सोडायला आले, पाहुण्याला सोडतात तसे. चाळीस वर्षांत ते मला कधी सोडायला आले नव्हते.

दारात त्यांनी तोंड माझ्यासमोर आणून सांगितलं, "तिला म्हणावं, गिटार परत पाठव. या वेळी आम्ही ऐकू." पास करू असं म्हणाले नाहीत, आणि मीही मागितलं नाही. माझ्या शब्दावर ती नापास झाली, आता माझ्या शब्दावर पास व्हायला नको. घासलेल्या बोर्डाचं तेवढं मी सांगितलं, की तो दोष करणारीचा नाही, तपासणाऱ्याचा आहे.

निघताना मी एक कार्ड मागून घेतलं. शेवटचं. ते या पत्रासोबत ठेवलं आहे. त्यावर लिहिलंय:

"बांधणी: तपासनीसाच्या हाताला एकही दोष सापडला नाही. दोन दिवस शोधूनही.
वाजवणं: मान रुंद असून जड लागत नाही.
आवाज: तपासनीसाला ऐकू येत नाही."

खाली सही केली आहे. जुनं कार्ड तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. किंवा ठेव. ते तुझं.

आता मानेचं. कापू नकोस, गरज नाही. बोर्ड पातळ झाला आहे तर तो एकटाच काढता येतो. इस्त्री गरम करून बोर्डावर थोडी थोडी पुढे सरकव, सरस मऊ पडेल, मग पातळ पातं घालून हळू सोडव. आधी टोकाकडून, सांध्याकडून नाही. नवा बोर्ड लाव. ती मान मी हाताने बघितली आहे, तशी पुन्हा होईलच असं नाही. शिंगावरच्या खुणांवर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकव, लाकूड फुगून वर येतं. पॉलिश पातळ आहे, खुणा जातील. हे मी हाताने शिकलेलं आहे, कानाने नाही, म्हणून यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि तुझ्या कानाचं. जी गोष्ट नव्हती ती तुला ऐकू आली नाही. दुकानात तिघे होतो, एक मालक, एक शिकवणारा आणि एक मी, आणि तिघांनी कार्डावर ती आहे असं धरलं. तू एकटी गॅरेजात बसून सव्वा महिना म्हणत राहिलीस की मला येत नाही. बापाने सांगूनसुद्धा म्हणत राहिलीस. याहून तयार कान मी पाहिलेला नाही. तुझ्या पत्रातलं ते "कुठल्या तोंडाने" वाक्य मी घडी करून खिशात ठेवलं आहे. ते तू लिहायचं नव्हतंस, मी लिहायचं होतं.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. राग असेल तो असू दे, मी घाई करणार नाही. करवत परत खुंटीला अडकवलीस एवढं मात्र वहिनीला फोनवर सांग. ती समोर येऊन मला सांगेल. तोवर मी पडदा परत लावून घेतो.

आशीर्वाद द्यायचे राहिले होते. ते आता माझ्याकडून चालत असतील तर घे.

तुझी गिटार ज्याने अजून ऐकलेली नाही, तो
तुझा बाबा